भोईरांच्या मांडवातला रोबो

माझ्या धाकट्या जावेला अजूनही वाटतं की मी बांधकाम कंपनीत नोकरी केली. चूक तिची नाही. विद्यावहिनी 'बिल्ड इंजिनियर' आहेत असं तिला कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून ती मला तिच्या फ्लॅटच्या ओल आलेल्या भिंतीबद्दल सल्ला विचारते. पूर्वी मी समजावून सांगायचे. आता सल्लाच देते. वॉटरप्रूफिंगवर माझं वाचन बऱ्यापैकी झालंय.

खरं काम असं होतं. मोबाइलवर आपण बोट लावतो आणि ॲप उघडतं, ते मुळात एकसंध नसतं. प्रोग्रामर मंडळींनी लिहिलेल्या ढीगभर फाईली असतात, चित्रं असतात, काही भाग बाहेरून आयते आणलेले असतात. हे सगळं जुळवून फोनला चालेल अशी एक वस्तू तयार करायची, याला बिल्ड म्हणतात. जुळवतो कॉम्प्युटरच, पण कसं जुळवायचं, काय घ्यायचं, काय गाळायचं हे त्याला लिहून द्यावं लागतं. ते मी लिहायचे. काम नीट झालं की मी आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. बिघडलं की पहिली हाक मला.

आमची कंपनी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. मालक साळवी सर. लेथ मशीनपासून वर आलेला माणूस, त्यामुळे लोखंडावर पूर्ण विश्वास आणि सॉफ्टवेअरवर अजिबात नाही. आम्ही चाकांवर फिरणारे रोबो बनवायचो. खाली चार चाकं, वर छातीइतका उंच खांब आणि खांबाच्या टोकाला बसवलेला मोबाइल. तो मोबाइल हाच रोबोचा मेंदू. त्यातलं ॲप मोटरींना हुकूम द्यायचं. दुसरं ॲप चालवणाऱ्याच्या हातातल्या टॅबवर. चालवणाऱ्याचा चेहरा रोबोवर दिसायचा आणि रोबोसमोर जे असेल ते चालवणाऱ्याला. डॉक्टरांनी घरबसल्या वॉर्डात फेरी मारावी म्हणून हॉस्पिटलं आमचे रोबो घ्यायची.

म्हणजे रोबो एक, ॲप दोन. दोन्ही वेगळी, पण काही गोष्टी दोघांच्या सारख्याच असाव्या लागतात. आवृत्तीचा क्रमांक, किती जुन्या फोनवर आणि कोणत्या जातीच्या चिपवर चालायचं, रोबोचा जास्तीत जास्त वेग किती. हे दोन ठिकाणी लिहिलं की एकीकडे बदलतं, दुसरीकडे राहून जातं, आणि मग दोन्ही ॲपं एकमेकांना ओळख देत नाहीत. म्हणून हे सगळं मी एका सामाईक फाईलमध्ये काढलं. दोन्ही ॲपं तिथूनच वाचणार. ऑफिसात तिला 'ताईंची फाईल' म्हणायचे. तिच्या डोक्यावर मी मराठीत लिहून ठेवलं होतं, "हात लावण्याआधी विचारावे." नितीन कांबळे हा आमचा ॲप लिहिणारा, कल्याणच्या कोळसेवाडीतला, हुशार आणि घायकुता. तो म्हणायचा, "ताई, हे वाचलं की देवघरात चपला घालून आल्यासारखं वाटतं."

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक असायची. डोंबिवलीच्या एका साडीवाल्यांना दारात रोबो हवा होता आणि त्याने प्रत्येक बाईला नमस्कार करायला हवा होता. रोबोला हातच नाहीत, हे आम्ही त्यांना विनयाने सांगितलं. शेवटी पडद्यावर जोडलेल्या हातांचं चित्र दाखवलं. ते पाहून शेटजी म्हणाले, "ठीक आहे, पण मनापासून वाटत नाही हो."

पण मला सांगायचंय ते भोईरांबद्दल.

एका दुपारी ऑफिसात एक मुलगी आली. प्राजक्ता भोईर, कल्याणच्या ज्या हॉस्पिटलात आमचा रोबो होता तिथली नर्स. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "सर, माझं लग्न आहे."

"अभिनंदन," साळवी सर म्हणाले. "पण आम्ही लग्नाची कामं घेत नाही."

"मला एका दिवसासाठी रोबो पाहिजे. माझ्या आबांसाठी."

आबा म्हणजे तिचे आजोबा, बाळाराम भोईर. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. उभा जन्म मिठागरात गेलेला. अंगणात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. वयामुळे ऑपरेशन नको म्हणाले डॉक्टर; पायाला वजन बांधून घरीच झोपवून ठेवलं होतं. मांडव घराशेजारच्याच मैदानात पडणार होता, पण आबांच्या वरच्या खोलीच्या खिडकीतून त्याचं नुसतं छत दिसलं असतं.

"लग्न पुढे ढकलू म्हटलं, तर तेच ओरडले," प्राजक्ता म्हणाली. "म्हणाले, माझ्या पायापायी तुझी तारीख मोडायची नाय. पण त्या दिवसापासून नीट जेवत नाहीयेत. मला लहानपणापासून त्यांनीच वाढवलंय, मॅडम. आई लवकर गेली माझी."

साळवी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नितीनकडे पाहिलं. नितीन आधीच टॅब शोधायला उठला होता.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी आणि नितीन टॅब घेऊन गावात गेलो. प्राजक्ताचे वडील हरेश्वर दारातच उभे होते. ट्रकचा धंदा, भरदार माणूस, आवाज त्याहून भरदार. त्यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती.

"माझ्या बापाला डब्यात घालून मांडवात फिरवायचा? लोक हसतील ना मॅडम."

"बाबा, वर तर जाऊ द्या त्यांना," प्राजक्ता म्हणाली.

आबा खाटेवर आडवे, पाय वजनाने ताणलेला, डोळे मात्र अगदी तरतरीत. नितीनने टॅब त्यांच्यापुढे धरला आणि पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे जाण्याची बटणं दाखवली. आबांनी अंगठा टेकवला. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवला, जोरात दाबला. नाहीच.

"मिठानी खाल्ली बोटां," आबा हात पुढे करून म्हणाले. "याला मी दिसतूच नाय."

खरंच होतं ते. बोटांची कातडी इतकी कडक आणि कोरडी झाली होती की काचेला स्पर्श कळतच नव्हता. आजवर डॉक्टरांच्या मऊ बोटांनी चाललेलं आमचं ॲप तिथे हरलं. नितीनचा चेहरा पडला. इतक्यात आबांनी उशीखालून एक वस्तू काढली. मुलांचा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर, दोन दांड्यांचा.

"ह्यो चालल का? पोरांसंगं मी ट्रॅक्टरची रेस खेलतंय."

"आबा, जिंकता का?" मी विचारलं.

"पोरां ररतान," आबा म्हणाले. म्हणजे रडतात. सांगताना आबांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं काही नव्हतं.

रिक्षात बसल्या बसल्या नितीन म्हणाला, "कंट्रोलर जोडणं काही मोठं नाही ताई, मी करतो." आणि त्याने केलंही. अडचण पुढे आली. चालवण्याचं ॲप नवं झालं म्हणजे रोबोवरचंही नवंच हवं, आणि आमचे चांगले रोबो सगळे हॉस्पिटलांत गुंतलेले. ऑफिसात उरला होता तो आम्ही सगळ्यात आधी बनवलेला. त्याला आम्ही 'थोरला' म्हणायचो. त्याच्या डोक्यावरचा फोन जुना, जुन्या जातीच्या चिपचा. तसे फोन कुणी वापरत नाही म्हणून ती जात आम्ही सामाईक फाईलमधून केव्हाच काढून टाकली होती. नवा फोन बसवावा, तर साळवी सरांनी त्याची चौकट अशी घट्ट घडवली होती की दुसरा फोन आत शिरेना.

"लोखंड आहे ते," सर अभिमानाने म्हणाले.

मी फाईल उघडली आणि चिपच्या ओळीत जुन्या जातीचं नाव परत लिहिलं. काम म्हणाल तर एक शब्द. पण आम्ही मधल्या काळात चित्रफितीसाठी एक आयता भाग आणला होता, त्याला ही जुनी चिप माहीतच नव्हती. बिल्ड सुरू व्हायचं आणि लाल अक्षरांत कोसळायचं. मग त्या भागाची जुनी आवृत्ती शोधली, ती लावली तर दुसरंच काहीतरी रुसलं. माझ्या कामाचा बराचसा वेळ असा रुसवे काढण्यात गेलाय. तीन-चार दिवस मी आणि नितीन डबे समोरासमोर उघडून तेच करत होतो. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी थोरला हलला, टॅबवर चित्र उमटलं, आणि साळवी सरांनी पहिल्यांदाच सॉफ्टवेअरच्या माणसांसाठी स्वतःच्या हातांनी चहा आणला.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही थोरल्याला टेम्पोत घालून गावात पोचलो. मांडव काय सांगावा! झेंडूच्या माळा, लाल गालिचा, आचाऱ्यांच्या चुली, मधोमध बँडवाल्यांची जागा. मांडवाच्या खांबावर नितीनने वायफायचा डबा बांधला. मी वर आबांच्या खाटेजवळ टॅब उभा करून दिला. आबांनी नवं धोतर, नवा सदरा आणि डोक्याला लाल टोपी घातली होती. पाय मात्र वजनाला बांधलेलाच. त्यांनी कंट्रोलरची दांडी पुढे केली आणि खाली मांडवात थोरला चालू लागला.

आबा डोळे बारीक करून पाहत होते. पडद्यावर मांडव सरकत होता. मग म्हणाले, "केलीचे खुंट वाकरे बांधलेत."

खाली लगेच कुणीतरी केळीचे खुंट सरळ करायला धावलं, कारण आवाज थोरल्यातून मांडवात पोचला होता.

सगळं सुरळीत होतं. आबांनी गालिच्यावरून फाटकाकडे जायला सुरुवात केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, कवरा हलू जातंय ह्यो! आमची म्हस फुरं जाल याच्या."

"आबा, म्हैस पुढे जाऊ दे, हॉस्पिटलचा वेग आहे तो. आजारी माणसांना धक्का लागू नये म्हणून हळू ठेवलाय."

"आजारी मी हाय. त्या वऱ्हाडाला काय झालंय? व्याही दारान येतील, नि मी आपला मधीच!"

व्याहीभेटीत मुलीकडच्या सगळ्यात वडीलधाऱ्याने फाटकाशी पुढे होऊन मुलाकडच्या वडीलधाऱ्याची गळाभेट घ्यायची असते. तो मान आबांचा होता, आणि आत्ताच्या वेगाने फाटकापर्यंत पोचेस्तोवर पाहुण्यांची जेवणं झाली असती. मुलं मांडवात पळत होती, म्हणून मी आधी नाही म्हटलं. आबांनी पडद्यावरच्या फाटकाकडे बोट केलं. मी म्हटलं, माणूस चालतो तेवढा करते, त्याहून जास्त नाही. आबा म्हणाले, "कबूल."

हे काम खरं तर सोपं. सामाईक फाईलमधला वेगाचा एक आकडा. नितीनने खाली अंगणात खुर्चीवर लॅपटॉप उघडला, मी खाली उतरून आकडा बदलला, दोन्ही ॲपं नव्याने तयार झाली. थोरल्यावर चढवायला गेलो, तर फोन म्हणाला, इन्स्टॉल होत नाही.

"आता काय?" नितीन.

मला कळलं. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची एक गुप्त सही असते, आणि जुन्या सहीचं ॲप दुसऱ्या सहीचं नवं ॲप स्वतःच्या जागी येऊ देत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरची सही वेगळी, नितीनच्या लॅपटॉपची वेगळी. एकच मार्ग होता, जुनं पुसून नवं घालायचं. पण जुनं पुसलं की कोणती वायर कोणत्या चाकाची, ही थोरल्याची माहितीही पुसली जाणार.

"भरू की परत हाताने," नितीन म्हणाला.

तेवढ्यात गावाच्या वळणावरून बँड ऐकू आला. वऱ्हाड आलं होतं.

"पूस," मी म्हटलं.

नितीनने थोरल्यावरचं आणि वर पळत जाऊन टॅबवरचं पुसलं, नवं घातलं आणि मांडवात मांडी घालून वायरींची नावं भरायला बसला. मी वाकून वायरींचे रंग सांगत होते, त्यातच बँड वाजत होता, त्यामुळे मी 'पिवळी' म्हटलेलं त्याला 'निळी' ऐकू गेलं असावं. वर आबांनी दांडी पुढे केली. थोरल्याने जागच्या जागी गरकन गिरकी घेतली. मग दुसरी. मग बँडच्या ठेक्यावर तिसरी. मांडवातली पोरं आनंदाने किंचाळली आणि त्याच्याभोवती नाचायला लागली. थोरल्यावर आबांचा चेहरा होता आणि तो खदखदून हसत होता.

"अरं मी नाय नाचत! ह्योच नाचतंय!"

हरेश्वर तरातरा आले. आता ते आम्हाला टेम्पोत बसवून परत पाठवणार, असं मला वाटलं. ते थोरल्यासमोर थांबले. बापाच्या हसऱ्या चेहऱ्याकडे त्यांनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पडल्यापासून पहिल्यांदा हसला तो. पण आता जरा सरळ चालवा ना त्याला. व्याही आलं."

आम्ही वायरींची अदलाबदल केली. थोरला सरळ झाला. आबांनी दांडी रेटली आणि तो माणसाच्या चालीने गालिच्यावरून निघाला. पुढे हरेश्वर गर्दी बाजूला सारत होते.

"सरका, सरका! आबा येतायत!"

मी ते नीट ऐकलं. रोबो येतोय असं ते म्हणाले नाहीत.

फाटकाशी मुलाकडचे आजोबा उभे होते. ते टिटवाळ्याकडचे, पांढऱ्या मिशांचे, काठी टेकत आलेले. आपल्यासमोर खांबावर एक चेहरा येऊन थांबलाय, हे पाहून ते गोंधळले. आबा म्हणाले, "यावा पाटील, यावा! पाय बांधून ठेवलाय माझा, नायतं मी धावत आलो असतू."

पाटील आजोबांनी काठी नातवाकडे दिली. दोन्ही हातांनी थोरल्याच्या खांबाला घट्ट मिठी मारली. मग गळ्यातला झेंडूचा जाड हार काढून थोरल्याला घातला. हार खांबावर उतरण्याऐवजी फोनवरच अडकला.

"अंधार झाला!" आतून आबा ओरडले. "कोनी दिवा मालवला?"

मांडवभर हशा उठला. पाटलांनी हार हलकेच खाली सरकवला, आणि दोन म्हातारे एकमेकांकडे पाहून इतका वेळ हसले की भटजींना मुहूर्ताची आठवण करून द्यावी लागली.

अक्षता पडल्या तेव्हा थोरला व्यासपीठाच्या पायरीशी उभा होता. वर आबांच्या खोलीत मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांना हाताशी कुणी हवं होतं. मंगलाष्टकं खिडकीतूनही ऐकू येत होती आणि टॅबमधूनही, थोड्या अंतराने, दोनदा. आबांनी उशीशी ठेवलेल्या वाटीतल्या अक्षता टॅबवर टाकल्या. प्रत्येक "सावधान"ला. तांदूळ काचेवरून घरंगळून गोधडीवर पडत होते. पाठवणीच्या आधी प्राजक्ता जिना चढून वर येणार होतीच, पण मांडवात सगळ्यांसमोर तिने आधी थोरल्यापुढे वाकून नमस्कार केला. आबांच्या हातून कंट्रोलर सुटला. मी तो उचलून परत त्यांच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

माझ्या नोकरीची इतकी वर्षं गेली, पण ऑफिसात येणारी गिऱ्हाइकं सोडली तर माझं काम ज्यांच्यापर्यंत पोचतं त्यांना मी कधी भेटलेच नव्हते. कोण कुठे ॲप उघडतं, उघडून काय करतं, कुणाला काही मिळतं का, कसलाच पत्ता नसायचा. मी आपली आकडे, चिपा आणि आवृत्त्यांमध्ये. याची हुरहूर मला अजूनही आहे. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना हे कळावं, याचीही. आणखी आधी एखादा आबा भेटला असता तर मी नितीनच्या मागे लागून ॲपातली बटणं केव्हाच बदलून घेतली असती. असो. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी सहीसुद्धा सामाईक फाईलमधून घेतली जाईल अशी सोय केली, म्हणजे बिल्ड कुणाच्याही कॉम्प्युटरवर होवो, सही एकच. साळवी सर म्हणाले, "हे आधी का नव्हतं?" मी म्हटलं, "सर, आधी व्याही आले नव्हते."

पण लग्नाच्या दिवशी एवढ्यावर संपलं नाही. मी खाली आले, तर नितीन आचाऱ्यांच्या चुलींमागे एका उलट्या पिंपावर बसला होता. लॅपटॉपवर थोरल्याची बॅटरी तपासत, कान बँडने बधिर झालेले. पाठवणी झाली होती, गाड्या निघाल्या होत्या, मांडवात शेवटची पंगत चालू होती. आता थोरल्याला बंद करून टेम्पोत घालायचं होतं. पण तो चालतच होता. आबांनी वरून दांडी सोडलेली नव्हती.

तो पंगतीच्या ओळीतून फिरत होता. प्रत्येक पानासमोर क्षणभर थांबायचा. "जेवलाव कं? वरे घेतलाव कं? अरं याला मटन वारा, हाडांच वारलीत." वडे, मटण, जे म्हणतील ते वाढायला वाढपी पळत यायचे. लांबून आलेल्या एका म्हाताऱ्या आत्यापाशी तो बराच वेळ थांबला. आत्याबाई त्याच्याशी आपल्या गुडघ्याबद्दल बोलत होत्या. मग बँडवाल्यांकडे गेला. मग टेम्पोच्या ड्रायव्हरकडे. हरेश्वर मांडवाच्या कडेला उभे राहून बघत होते, त्यांनी कुणालाच अडवलं नाही.

शेवटी थोरला चुलींना वळसा घालून आमच्यासमोर आला. हार अजून गळ्यात होता, गाठीला पिवळ्या अक्षता चिकटल्या होत्या. पडद्यावर आबांचा चेहरा थकलेला, घामेजलेला, टोपी तिरकी.

"तुमी जेवलाव कं?"

सकाळपासून आम्ही पाण्याशिवाय काही घेतलेलं नव्हतं. नितीन म्हणाला, "आबा, ते नंतर. आधी बॅटरी संपत आलीय, रोबो बंद करू दे."

"तुमचा जेवान झाल्याबिगर मी हलनार नाय."

आणि खरोखरच हलले नाहीत. आम्ही जमिनीवर पानं मांडून बसलो. तांदळाचे गरम वडे आले, रस्सा आला. थोरला आमच्यासमोर उभा होता, आणि आबा वरून आमची पानं बघत वाढप्यांना हाका मारत होते.